राष्ट्रीय समर स्मारक, नवी दिल्ली: त्यागचक्र प्रभावी, वीरताचक्र अपुरे

स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या भारतीय सैनिकांचे हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. इंडिया गेटलगत सुमारे ४० एकरांवर ते पसरलेले असून प्रवेश विनामूल्य आहे. शेजारची कमान ४२ मीटर उंच असताना येथील स्तंभ साडेपंधरा मीटरांवरच थांबवला आहे, आणि हा संयम मला वास्तुरचनेतील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशा चार वर्तुळांपैकी खरा वेळ द्यावा तो त्यागचक्राला. चक्रव्यूहाच्या कल्पनेवर उभारलेल्या या भिंतींत प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची स्वतंत्र ग्रॅनाइटची वीट आहे. उद्घाटनाच्या वेळी ही नावे २५,९४२ होती. अधिकारी असो वा शिपाई, वीट सारख्याच मापाची; त्यामुळे एरवी आकडेवारीत हरवणारा माणूस येथे एकेक करून वाचावा लागतो.

वीरताचक्राबाबत मात्र माझे समाधान झाले नाही. तेथील सहा कांस्यशिल्पांत तिथवाल (१९४८) व रेझांग ला (१९६२) येथील लढाया, १९७१ मधील गंगासागर व लोंगेवाला येथील लढाया आणि नौदलाचे ऑपरेशन ट्रायडंट, तसेच सियाचीनचे ऑपरेशन मेघदूत (१९८४) आहे. सहापैकी तीन प्रसंग एकट्या १९७१ च्या युद्धाचे, तर १९६५ आणि कारगिल यांना एकही शिल्प नाही. परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे असलेल्या परमयोद्धा स्थळात ही उणीव काही प्रमाणात भरून निघते, कारण १९६५ मध्ये पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करताना वीरमरण आलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर आणि कारगिलचे कॅप्टन विक्रम बत्रा तेथे भेटतात. पूना हॉर्सचेच सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, ज्यांचा जन्म पुण्याचा, तेही तेथेच आहेत.

मराठी वाचकाने एक मर्यादा आधीच ध्यानात घ्यावी. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीकडून लढताना प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. परंतु हे स्मारक १९४७ नंतरच्या हुतात्म्यांचे असल्याने त्यांचा शोध येथे घेऊ नये. इंडिया गेटवरील १३ हजारांहून अधिक नावेही पहिले महायुद्ध आणि १९१९ चे अफगाण युद्ध यांतलीच आहेत.

दिल्लीच्या उन्हाळ्यात दुपारची वेळ टाळावी. दगडी वर्तुळे उघडी आहेत आणि झाडांची सावली मिळते ती सर्वांत बाहेरच्या रक्षकचक्रात. परमयोद्धा स्थळ वर्तुळांपासून वेगळे असल्याने अनेकजण ते न पाहताच परततात, म्हणून आरंभ तेथूनच करावा.