हॉर्स ब्रँड ते कोकुयो कॅमलिन: नावं बदलली, उंट राहिला

मी कराडकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि संध्याकाळी दुकानांच्या पाट्या रंगवतो. दोन्ही कामांत हाताशी कॅमलचा माल असतो, म्हणून त्याबद्दल लिहितो आहे. लिहायला निमित्त मात्र लोणच्याचं झालं. आमच्या भागातल्या एक ताई लोणची-पापड करून विकायच्या, आता त्यांचे जेवणाचे डबे जास्त जातात. जुन्या पाटीवर बरणी आणि ‘लोणची-पापड’, त्यामुळे डब्याची चौकशी करणारी माणसं पुढे निघून जातात. ‘सर, सगळंच बदलून टाका. नाव, रंग, चित्र, सगळं,’ असं म्हणत त्या आल्या. मी त्यांच्यासमोर टेबलावर तीन वस्तू ठेवल्या: कॅमलची शाईची दौत, पोस्टर कलरची बाटली आणि कॅमलिनची कंपासपेटी.

या तिन्ही वस्तूंमागचं घर एकच. 1931 मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी मुंबईत ‘दांडेकर अँड कंपनी’ सुरू केली. माल एवढाच: पाण्यात विरघळवायची शाईची पूड आणि वड्या. छाप ‘हॉर्स ब्रँड’, म्हणजे घोडा. पुढे फाउंटन पेनात भरायची तयार शाई काढली आणि तिला ‘कॅमल इंक’ म्हटलं. गंमत बघा, घोड्याच्या जागी उंट आला तो नुसत्या हौसेने नसावा. वडी विकणं वेगळं आणि पेनात थेट भरायची शाई विकणं वेगळं. घेणारा माणूस तोच असला तरी वस्तू नवी होती, म्हणून छापही नवा, असं मला वाटतं.

आणि मग छाप मालकापेक्षा मोठा झाला. दुकानात जाऊन ‘दांडेकरांची शाई द्या’ म्हणणारे किती असणार? लोक ‘कॅमल’ मागत होते. 1946 मध्ये कंपनी प्रायव्हेट लिमिटेड झाली ती ‘कॅमलिन’ या नावाने, कॅमल आणि इंक जोडून. मला यातला संयम फार आवडतो. घरच्या आडनावाचा अभिमान कोणाला नसतो? तो बाजूला ठेवून गिऱ्हाइकाच्या तोंडात बसलेला शब्द त्यांनी कंपनीच्या दारावर लावला.

साठच्या दशकात सुभाष दांडेकरांनी चित्रकलेचे रंग आणले. आता कंपनी नुसती शाईवाली राहिली नव्हती, तरी ‘कॅमलिन’ हे नाव अडलं नाही. नाव ‘दांडेकर शाई भांडार’ असतं तर रंग, पेन्सिली, कंपास विकताना प्रत्येक वेळी समजावत बसावं लागलं असतं. सुभाष दांडेकर जुलै 2024 मध्ये गेले. त्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात शिकवायचं बाजूला ठेवून मुलांना या रंगाच्या बाटलीची गोष्ट सांगितली. आपल्या दप्तरातली वस्तू कोणीतरी मराठी माणसाने उभी केली आहे, हे मुलांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

2011 मध्ये जपानच्या कोकुयोने कंपनीतला निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला आणि नाव ‘कोकुयो कॅमलिन’ झालं. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत हळहळ झाली होती. पण ही कोकुयोसुद्धा 1905 मध्ये ओसाकात झेंतारो कुरोदा या माणसाने काढलेलं लहानसं दुकान. हिशेबाच्या वह्यांना पुठ्ठे करून द्यायचं काम, आणि नाव मालकाच्याच आडनावाचं. आपल्या मुलखाचं नाव उजळावं म्हणून त्यांनी ‘कोकुयो’ हा छाप नंतर घेतला. दोन्ही घरं आडनावापासून निघाली आणि पुढे दोघांनीही नवं नाव घेतलं. हे समजल्यावर त्या जोडनावाबद्दलची माझी कुरकुर संपली. शिवाय त्यांनी जुनं पुसलं नाही. रंगाच्या बाटलीवर कॅमल आहे, कंपासपेटीवर कॅमलिन आहे. गावातलं पोर अजून ‘कॅमलचा डबा द्या’ म्हणतं आणि दुकानदार बरोबर तोच डबा काढून देतो.

आता मालाकडे येतो, कारण नुसत्या नावावर चित्र रंगत नाही.

पोस्टर कलर हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात कामाचा माल. शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला, संकल्पचित्रात सपाट रंग भरायचा असतो. तिथे हा रंग खालची पेन्सिल झाकतो, कडा स्वच्छ येते आणि वाळल्यावर वर दुसरा रंग देता येतो. जाड थर मात्र देऊ नका. कोणताही पोस्टर कलर जाड लावला की वाळताना तडकतो, आणि कागद गुंडाळला की पापुद्रे पडतात. सायीइतका दाट असावा, ब्रश ओढताना अडू नये. पांढरा सगळ्यात आधी संपतो, कारण प्रत्येक छटा उजळायला तोच लागतो. बाटलीत रंग घट्ट झाला तर थोडं पाणी घालून काडीने ढवळा आणि झाकण घट्ट लावून ठेवा. ओला ब्रश एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत बुडवणाऱ्या मुलांचे सगळे रंग महिनाभरात मातकट होतात. रंग आधी पॅलेटमध्ये काढून घ्यायची सवय लावा.

स्मरणचित्राला मी जलरंग वापरायला सांगतो. विद्यार्थ्यांसाठीचे रंग सरावाला उत्तम, पण भिंतीवर वर्षानुवर्षं टांगायचं चित्र करायचं असेल तर कलाकारांसाठीची वेगळी श्रेणी घ्या. त्यात रंगद्रव्य जास्त असतं, किंमतही त्या मानाने जास्त.

काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक माझी लाडकी. अक्षरलेखनाची बाह्यरेषा तिने काढली की वरून पाण्याचा हात फिरवला तरी रेषा पसरत नाही. फाउंटन पेनात मात्र ती चुकूनही भरू नये, वाळली की जीभ कायमची बंद. पेनात रॉयल ब्लू भरा. ती पाण्याने पुसट होते, त्यामुळे वहीवर पाणी सांडलं तर अक्षर गेलंच, पण शर्टावरचा डाग धुऊन निघायची आशाही त्याच गुणामुळे असते.

कंपासपेटीत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: कंपास, कर्कटक, दोन गुण्या, कोनमापक, पट्टी. कर्तव्य भूमितीसाठी घेताना दुकानातच कंपास उघडून बघा. सांधा सैल नको आणि पेन्सिल नीट आवळली जायला हवी. ही तपासणी कोणत्याही कंपनीच्या पेटीची करावी.

ताईंच्या पाटीचं शेवटी असं ठरलं. त्यांना लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव पाटीवर सगळ्यात मोठं ठेवायचं. ‘लोणची-पापड’ काढायचं आणि तिथे ‘घरचं जेवण’ आणायचं. बरणीचं चित्र आहे तिथेच राहील, कारण जुनं गिऱ्हाईक ती बघून वळतं. हळदी पिवळा रंगही तोच. इंग्रजी नाव मोठं लिहायचा त्यांचा विचार होता. त्यांना सांगितलं की 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी लागते आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. पाट्या बदलायला सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत नोव्हेंबर 2023 मध्येच संपली. तेव्हा मराठीच मोठं. सध्या सगळे फ्लेक्स लावतात, पण उन्हात तो लवकर विटतो. मी पत्र्यावर ऑइल पेंटने रंगवून देणार आहे. तिथे पोस्टर कलर चालत नाही, पहिल्या पावसात वाहून जाईल.

कागदपत्रांचं मी त्यांना एवढंच सांगितलं: पाटीआधी ते बघा. अन्न परवान्यावरचं नाव, जीएसटी असेल तर त्यातलं व्यापारी नाव, बँकेचं चालू खातं आणि दारावरचा क्यूआर, सगळीकडे एकच नाव हवं. ट्रेडमार्क घ्यायचा तर लोणचं 29 व्या वर्गात येतं आणि जेवण पुरवणं 43 व्या. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचे 4500 रुपये. डबे हाच मुख्य धंदा झाला आहे, म्हणून आधी 43 घ्या असं माझं मत. छापलेली जुनी लेबलं अजून पुष्कळ शिल्लक आहेत. ती लोणच्याच्या बरण्यांवर संपवायची, कारण लोणचं अजून त्याच नावाने विकलं जातं.

येत्या परीक्षेसाठी साहित्य घेणाऱ्या पालकांना माझा सल्ला: पोस्टर कलरचा बारा बाटल्यांचा संच आणि पांढऱ्याची एक जादा बाटली, जलरंगाच्या ट्यूब, एक बारीक गोल आणि एक चपटा ब्रश, काळी वॉटरप्रूफ इंक. चोवीस रंगांच्या संचावर पैसे घालू नका. बाकीच्या छटा मुलांनी स्वतः मिसळून करायच्या असतात, आणि परीक्षक तेच बघतो.