चौरस, 4:5, 3:4 की 9:16? पैठणीचा फोटो कुठल्या मापात कापावा

माझी वहिनी येवल्याहून पैठण्या आणून घरातून विकते आणि तिचे फोटो मी तयार करून देते. दर नव्या साडीला प्रश्न तेच. इन्स्टाला कुठलं माप, स्टेटसला कुठलं, आणि एकच फोटो सगळीकडे चालेल का? घरून काहीही विकणाऱ्या प्रत्येकीला हे प्रश्न पडतात, म्हणून सगळी मापं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघू.

सुरुवात हातातल्या फोटोपासून करायची. मोबाईल उभा धरून नेहमीच्या मोडवर काढलेला फोटो 3:4 असतो, म्हणजे रुंदी 3 भाग तर उंची 4 भाग. 12 मेगापिक्सेलचा असेल तर साधारण 3000 बाय 4000 पिक्सेल. त्याचा चौरस केला की वर-खालून पाव फोटो जातो. 4:5 केला तर फक्त सोळावा हिस्सा. 9:16 केला तर परत पाव फोटो जातो, पण या वेळी डाव्या-उजव्या बाजूंनी.

म्हणजे चौरस आणि 9:16 मध्ये जातं सारखंच, पण साडीसाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पदर खाली येईल अशी पैठणी टांगली की काठ दोन्ही बाजूंना उभे उतरतात. वरून कापलं तर अंगावरच्या चार बुट्ट्या कमी होतील, पदरावरचे मोर आणि आसावली शाबूत राहतील. बाजूंनी कापलं की काठच गेला. नारळी काठ दिसलाच नाही तर गिऱ्हाईक पैठणी ओळखणार कशावरून? म्हणून माप ठरवण्याआधी मी एकच गोष्ट बघते: या वस्तूचा काठ कुठे आहे, म्हणजे काय कापून चालणारच नाही.

आता इन्स्टाग्राम. तिथे रुंदी 1080 पिक्सेल धरायची. चौरस म्हणजे 1080 बाय 1080, 4:5 म्हणजे 1080 बाय 1350 आणि 3:4 म्हणजे 1080 बाय 1440. चौरसापेक्षा 4:5 ला पाव पट आणि 3:4 ला एक तृतीयांश जास्त उंची मिळते. स्क्रोल करणाऱ्याच्या अंगठ्यासमोर साडी तेवढी जास्त वेळ राहते. आडवा फोटो 1080 बाय 566, चौरसाच्या जेमतेम अर्धा. साडीसाठी मी तो कधीच घेत नाही.

सुरुवातीला इन्स्टाग्रामवर फक्त चौरस फोटो चालायचे, उभे-आडवे 2015 पासून आले. प्रोफाइलवरची ग्रिड, म्हणजे सगळ्या पोस्टची खणाखणांची मांडणी, मात्र त्यानंतरही चौरसच होती. 2025 च्या जानेवारीत ती 3:4 उभी झाली, आणि त्याच वर्षी 3:4 ची पोस्टही टाकता येऊ लागली. बरेच जण अजून जुन्याच सवयीने चौरस बनवतात. उभ्या खणात चौरस बसवताना दोन्ही बाजूंचे 135-135 पिक्सेल ग्रिडमध्ये झाकले जातात. 4:5 असेल तर जेमतेम 34-34. 3:4 असेल तर काहीच नाही. पोस्ट उघडली की फोटो पूर्णच दिसतो, पण नवीन गिऱ्हाईक आधी प्रोफाइल चाळतं, आणि तिथे काठ गेलेला असतो.

अक्षरांचं दुखणं याहून मोठं. ग्रिड चौरस असताना 4:5 चा फोटो वर-खाली 135 पिक्सेल कापला जायचा. मी मथळा वरच्या कडेपासून नेमका तेवढ्याच अंतरावर ठेवला होता. शिरोरेखा वाचली, तिच्यावरच्या दोन मात्रा आणि वेलांटीचा वळसा गेला, आणि ‘पैठणी’चा ‘पठणा’ झाला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ती साडी वहिनीने मोठ्या हौसेने निवडली होती. आपल्या लिपीत मात्रा, रफार, अनुस्वार रेघेच्या वर आणि उकार, ऋकार खाली. इंग्रजी अक्षरांना पुरते तेवढी मोकळी जागा देवनागरीला पुरत नाही. आता मी चारही बाजूंनी 150 पिक्सेल अक्षरांपासून मोकळे सोडते.

मग चौरस टाकून द्यायचा का? नाही. वस्तूच गोल असेल, म्हणजे फराळाचं ताट, लाडवांचा डबा, रांगोळी, तर चौरसात ती सुरेख बसते. फक्त कडांना हवा ठेवा, म्हणजे ग्रिडमध्येही ताटाची कड कापली जाणार नाही. साडी, कुर्ता, पैठणीच्या काठाचा फ्रॉक यांना 3:4. तीच पोस्ट फेसबुकलाही टाकायची असेल तर मी 4:5 घेते, दोन्हीकडे बिनघोर चालतो.

स्टेटस आणि स्टोरीचं माप 1080 बाय 1920, म्हणजे 9:16. इथे कापण्यापेक्षा भरणं बरं. 3:4 चा पूर्ण फोटो मधोमध ठेवायचा आणि वर-खाली उरलेल्या 240-240 पिक्सेलच्या पट्ट्यांत साडीचाच रंग भरायचा. राणी रंगाच्या पैठणीला राणी पट्टी. काठ वाचतो, आणि वर नाव, खाली उत्तर लिहायची चौकट येते ती त्या रिकाम्या पट्टीवर येते. किंमत तिथे लिहू नका, फोटोच्या आतच लिहा.

डीपी गोल दिसतो. चौरसाचा साधारण पाचवा भाग चार कोपऱ्यांत जातो, म्हणून तिथे साडी नको, दुकानाचं नाव मधोमध पुरे. लिंकसोबत दिसणारं चित्र 1200 बाय 630. यूट्यूबचं थंबनेल 1280 बाय 720, त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वेळेचा आकडा बसतो, तिथे काही लिहायचं नाही.

कुठल्याही मापात बसवण्यासाठी फोटो ताणू मात्र नका. ताणलेल्या पदरावर मोर लठ्ठ होतो आणि विणकराची मेहनत खोटी दिसते. फॉरवर्ड होऊन आलेला किंवा स्क्रीनशॉट काढलेला फोटोही घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, मग त्यातून पुन्हा कापलं की फोटो फाटतो आणि जरीची नक्षी पिवळ्या डागांसारखी दिसते. वहिनी मला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवते. काढतानाच ती एक पाऊल मागे उभी राहते, दोन्ही काठांच्या बाहेर चार बोटं भिंत दिसेल इतकी. त्या एका फोटोतून मी 3:4 आणि स्टेटस दोन्ही काढते.