ओ-रिंगचं किट आणि ३.१ची चूक: आठ महिन्यांनंतर

भांडुपला आमचा छोटा गाळा आहे. हायड्रॉलिक जॅक, सिलिंडर दुरुस्तीला येतात. दर वेळी एका ओ-रिंगसाठी (तेल गळू नये म्हणून खाचेत बसवतात ती गोल रबरी रिंग) मस्जिद स्टेशन गाठून नागदेवीच्या बाजारात हिंडायचा कंटाळा आला, म्हणून दिवाळीच्या आधी हे किट मागवलं. तीस मापं, सगळी काळ्या नायट्राइल रबराची, एएस-५६८ या ओ-रिंगच्या अमेरिकन मापपद्धतीच्या नंबरांची.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. एका जपानी मशीनचा सिलिंडर आला, रॉड २५ मिमीचा. जुनी रिंग काढून व्हर्नियर (मोजायचा कॅलिपर) लावला तर जाडी ३.१ मिमी. किटमध्ये ३.१ नाहीच. नागदेवीत विचारलं, तर दुकानदाराने जपानी मापांतली ‘जी-२५’ काढून दिली: आतला व्यास २४.४, जाडी बरोब्बर ३.१. बसवली, आणि दुसऱ्या दिवशी रॉडवरून तेल ओघळत होतं.

मग एकदाचं डोकं वापरून खाच मोजली. खोली ३ मिमी. रिंग खाचेत दाबली गेली तरच तेल अडतं, आणि ३.१ची रिंग दबणार किती, तर मिमीचा दहावा भाग! तिथे मुळात ‘पी-२५’ होती, ३.५ जाडीची. वर्षानुवर्षं दबून चपटी झाली आणि मी त्या चपटेपणालाच माप समजलो. ‘पी’ हलणाऱ्या जागेसाठीही चालते, ‘जी’ स्थिर सांध्यासाठी, हेही तेव्हाच नीट कळलं. शेवटी किटमधलीच २१४ नंबरची बसवली (आतला व्यास २४.९९ × जाडी ३.५३). पी-२५च्या २४.७ × ३.५ला ती इतकी जवळ आहे की अजून थेंब नाही.

एएस-५६८ची एक गोष्ट मला फार आवडते. नंबरचा पहिला आकडाच जाडी सांगतो: ० म्हणजे १.७८, १ म्हणजे २.६२, २ म्हणजे ३.५३, ३ म्हणजे ५.३३, ४ म्हणजे ६.९९. जपानी मापांत मात्र एका अक्षराने घात होतो. पी-२२ची जाडी २.४ आणि पी-२२एची ३.५, फोनवर ‘ए’ ऐकू आला नाही की खेप फुकट.

तक्रारी आहेतच. झाकणावरचा तक्ता फक्त इंचात, मिमी मी पेनाने लिहिले. कप्प्यांच्या भिंती बुटक्या, डबा कलंडला की ०१२ आणि ११० एकमेकांत मिसळतात. दोन्हींचा आतला व्यास ९.२च्या आसपास, फरक फक्त जाडीचा, त्यामुळे वेचताना डोळे फुटतात. शिवाय सगळं नायट्राइल, म्हणजे तेलाला उत्तम, पण ब्रेक फ्लुइडला ईपीडीएम रबर लागतं आणि फार तापणाऱ्या जागी वायटन रबर. ते वेगळं आणावंच लागतं.

मोठ्या रिंगांचे पाच-सहा कप्पे अजून जसेच्या तसे आहेत. २१४चा कप्पा मात्र मार्चमध्येच संपला. नागदेवीतून पन्नास सुट्ट्या आणल्या. दुकानदार सवयीने जवळपासचीच दुसरी पुढे करत म्हणाला, “शेठ, ये भी चल जाएगा.” मी खिशातून व्हर्नियर काढला.