झालर लावलेली कॅराव्हॅन आणि जनरेटर : महाबळेश्वरच्या थंडीतील वापरानंतरचा अनुभव

भिलार आणि महाबळेश्वर यांच्या मधल्या पट्ट्यात आमच्या मेहुण्यांची स्ट्रॉबेरीची शेती आहे. तेथील बांधालगतच्या मोकळ्या जागेत पावसाळा संपल्यावर आम्ही आमची ओढून नेण्याची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, उभी केली आणि संपूर्ण हिवाळा तीत राहिलो. वीज शेतीच्या फीडरवरची, म्हणजे कधी दिवसा तर कधी रात्री. त्यामुळे २ केव्हीए क्षमतेचा, पेट्रोलवर चालणारा इन्व्हर्टर जनरेटर घेतला. यंत्र म्हणून तो चांगला आहे, हे आधीच सांगतो. लिहायचे आहे ते जनरेटर आणि गाडीभोवतीची झालर (गाडीच्या तळापासून जमिनीपर्यंत सोडलेला ताडपत्रीचा पडदा) एकत्र आल्यावर काय बदलते याविषयी, कारण यंत्राच्या माहितीपुस्तिकेत झालरीचा उल्लेख नसतो आणि ताडपत्री शिवून देणाऱ्याने धुराचा विचार करावा अशी अपेक्षाही नसते.

बर्फाळ देशांत गाडीखालच्या पाण्याच्या नळ्या गोठू नयेत म्हणून अशी झालर लावतात. आपल्याकडे वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवाचे हिमकण होतात, पण नळ्या फुटण्याइतकी थंडी पडत नाही. येथे त्रास होतो तो तळाखालून वाहणाऱ्या वाऱ्याचा. त्याने प्लायवुडची जमीन इतकी गार पडते की दोन पायमोजे घालूनही पाय गारठतात. आम्ही जाड ताडपत्रीची झालर करून घेतली, खालच्या कडेला खिसे शिवून त्यांत वाळू भरली आणि वरची कड गाडीच्या अंगाला पट्टीने घट्ट बसवली. पहिल्याच रात्री फरक जाणवला. परंतु झालर लावताच गाडीचा तळ ही मोकळी जागा राहत नाही, ती एक बंद खोली होते. त्या खोलीत शिरलेला धूर लवकर बाहेर पडत नाही आणि वर जाण्यासाठी त्याला गाडीच्या जमिनीतील प्रत्येक भोक मोकळे असते.

जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि झोपेत असलेल्या माणसाला यांपैकी काहीही न जाणवता तो दगावू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) नसलेले हे छोटे इंजिन उभ्या असलेल्या शेकडो आधुनिक मोटारींइतका हा वायू एकटे सोडू शकते. त्यातच उंचीचा प्रश्न आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ ते ३.५ टक्क्यांनी घटते आणि अर्धवट जळालेल्या धुरात हा विषारी वायू वाढतो. थंडीत चोक ओढून सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे सर्वांत वाईट असतात.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार सर्वजण करतात, पण तो अर्धाच केला जातो. वारा येतो त्या बाजूला यंत्र ठेवले, तर धूर सरळ गाडीवर येतो हे उघड आहे. उलट बाजूला, गाडीच्या आडोशाला ठेवले की धूर दूर जाईल असे वाटते. मात्र तेथे हवेचा दाब कमी होऊन भोवरे तयार होतात आणि तोच धूर मागे ओढला जाऊन झालरीच्या कडेशी रेंगाळतो. म्हणून यंत्र वाऱ्याच्या उतरत्या बाजूला असावे आणि गाडीच्या आडोशापासून चांगले लांबही असावे.

वारा मुळीच नसेल तेव्हा प्रश्न अधिक बिकट होतो. पाचगणीच्या पठारावरून पहाटे पाहिले तर कृष्णेच्या खोऱ्यात धुक्याचा थर न हलता बसलेला दिसतो. जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असल्यामुळे खालची हवा वर चढू शकत नाही. जानेवारीतील अशाच एका पहाटे आमचा जनरेटर गाडीपासून सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या ६ मीटर अंतरावर होता, सायलेन्सरचे तोंडही विरुद्ध दिशेला होते, तरीही पलंगाजवळच्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मच्या पडद्यावरचा आकडा हळूहळू ३० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३० भाग) पुढे सरकला. अलार्म वाजला नव्हता आणि वाजायलाही नको होता, कारण कॅराव्हॅनसाठीच्या युरोपीय मानकानुसार तो ५० पीपीएमला एक ते दीड तासाने आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजतो. आम्ही यंत्र बंद केले, सर्वजण बाहेर आलो आणि हातात धरायचा मीटर झालरीखालून तळाशी सरकवला. तेथील आकडा आतल्या आकड्याच्या दुपटीहून अधिक होता. ६ मीटर हे किमान अंतर आहे आणि झालर नसलेल्या गाडीला कदाचित ते पुरतही असेल, पण झालर असताना त्यावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर जनरेटर शेताच्या खालच्या पायरीवर, १५ मीटरहून अधिक अंतरावर हलवला. निवांत पहाटे गार हवा उताराने खाली सरकते आणि धुरालाही सोबत नेते, हे तेथे धूर पाहतानाच लक्षात येते. यंत्रावर चारही बाजूंनी मोकळा असलेला, उंच पायांवरचा पत्रा आहे, कारण येथे दव भरपूर पडते. चोरीच्या भीतीने किंवा आवाज कमी व्हावा म्हणून त्याला लाकडी पेटीत कोंडण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नये. यंत्र तापते आणि स्वतःचाच धूर पुन्हा ओढते. आम्ही त्याला जाड साखळीने लोखंडी खुंटीला बांधतो.

गाडीच्या तळाची तपासणी करायला एक दुपार लागली. पाण्याची नळी जेथून वर येते तेथे नळीभोवती बोट जाईल एवढी फट होती; ती आणि चाकांच्या कमानीजवळचे सांधे सीलंटने भरले. मात्र गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी असलेली छिद्रे बुजवायची नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो त्या छिद्रांतून खाली उतरतो, आणि खाली झालर असेल तर तेथेच साठतो. म्हणून त्या बाजूच्या झालरीला जमिनीलगत बारीक जाळीची खिडकी ठेवली आहे. जाळी आवश्यकच, कारण ऊब मिळाली की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेइतक्याच वजनाचा असल्याने सर्वत्र मिसळतो. यासाठी गॅसगळतीचा अलार्म जमिनीजवळ आणि कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला, असे दोन वेगळे अलार्म लागतात. काही नव्या जनरेटरांत वायू वाढल्यास यंत्र आपोआप बंद पडण्याची सोय असते. ती चांगलीच आहे, पण ते सेन्सर यंत्राजवळची हवा तपासतात, तुमच्या पलंगाजवळची नाही.

आमच्या घरी सर्वांत उपयोगी पडला तो नियम साधा आहे : कोणीही झोपलेले असताना जनरेटर चालू राहणार नाही. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत साधारण सव्वा युनिट वीज साठते आणि ३० अँपिअरचा चार्जर ती साडेतीन तासांत भरतो. संध्याकाळी, लहानमोठा वारा सुटलेला असताना यंत्र चालवले की रात्रीचे दिवे, पाण्याचा पंप आणि विजेवरची उबदार चादर यांची सोय होते. तेवढ्या भाराला तासाला जेमतेम अर्धा लिटर पेट्रोल लागते. रात्री १० नंतर यंत्र बंद असल्याने शेजारच्या वस्तीलाही त्रास नाही. २,००० वॅटचा हीटर या यंत्रावर चालत नाही. उंचीमुळे क्षमता घटल्यावर तर नाहीच.

विजेबाबत गावातल्या वायरमनने पहिल्याच भेटीत सांगितले, "साहेब, जांभ्यात कोरड्या दिवसांत अर्थिंग धरत नाही." ते खरे आहे. शिवाय छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेली नसते आणि अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवूनही ऐन वेळी ट्रिप होईलच असे नाही. ही जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर वापरून जनरेटरची वीज शेतघराच्या बोर्डात कधीही सोडू नये. ती वीज उलट बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ होतो. मेहुण्यांनी त्यासाठी चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकच वीज, बाहेरची किंवा जनरेटरची, जोडणारा स्विच बसवून घेतला.

पेट्रोल भरताना आम्ही इंजिन पूर्ण थंड होऊ देतो आणि पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये, गाडीपासून दूर ठेवतो. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओल लवकर धरते, त्यामुळे यंत्र काही आठवडे पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावे लागतात. पावसाळ्याआधी आम्ही तेच करून जनरेटर वाईच्या घरी नेणार आहोत. झालर काढून, वाळवून, उंदरांनी कुरतडलेली खालची पट्टी बदलून ठेवायची आहे, आणि पुढच्या खेपेला जाळीची आणखी एक खिडकी समोरासमोर करून घ्यायची आहे, म्हणजे तळाखालची हवा आरपार वाहती राहील.