गॅसचा टँकर: टीम घ्यावी की लोकल? दोन्ही केलेल्या माणसाचा रिव्ह्यू

ओळखीतल्या तिघांनी गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न विचारला, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकतो. सीडीएल (अमेरिकेतलं मोठ्या गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स) झालंय, टँकर आणि हॅझमॅट (धोकादायक माल) दोन्हींची परवानगी मिळून लायसन्सवर एक्स लागलाय, इंडस्ट्रियल गॅसवाल्यांकडून दोन ऑफर आल्यात, एक टीमची आणि एक लोकल, म्हणजे रोज घरी परतायची, कुठली घेऊ? मी इथे अमेरिकेत दोन्ही केल्यात. टीम पावणेदोन वर्षं केली, लोकलला आता तीन वर्षं होतील. दोन्ही कंपन्यांची नावं घेत नाही, कारण मला कंपनीबद्दल नाही, कामाबद्दल बोलायचंय.

टीम म्हणजे एका ट्रकमध्ये दोन ड्रायव्हर, एक चालवतो, एक मागच्या बंकवर झोपतो, गाडी चालूच. मी ती घेतली ती आठवड्याचा आकडा बघून. आणि इथेच पहिली सूचना, रिक्रूटर फोनवर जे मैल सांगतो ते ट्रकचे असतात, तुमचे नसतात. ते दोघांत वाटले जातात. हे मला पहिल्या पगाराच्या दिवशी कळलं, आणि चूक माझीही होती की मी विचारलंच नाही. तुम्ही विचारा, की हा रेट ट्रकचा की माणसाचा, आणि लोडिंगला जे तास जातात त्याचे पैसे वेगळे मिळतात की नाही. गॅसच्या कामात हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण प्लँटवर रांग लागली की अर्धा दिवस सहज जातो आणि मैल शून्य.

गॅसमध्ये टीम लागते कशाला ते समजलं की बाकी सगळं समजतं. आमचं बहुतेक काम लिक्विड हायड्रोजनचं होतं. हायड्रोजन द्रव बनवणारे प्लँट देशात मोजके, गिऱ्हाईक मात्र कुठेही, लुइझियानातून भरलं आणि कॅलिफोर्नियात रिकामं केलं असंही व्हायचं. न्यू ऑर्लिन्स ते लॉस एंजेलिस आय-१० हायवेने साधारण १९०० मैल. एकट्या माणसाला दिवसाला ११ तासच गाडी चालवता येते, मग १० तास विश्रांती, म्हणजे तीन दिवस धरा. दोघं असले की दीड-पावणेदोन दिवसांत काम. आणि या मालाला थांबणं मानवत नाही. तो उणे २५३ डिग्रीला द्रव असतो, टँक म्हणजे एक भलामोठा थर्मासच आहे, दोन भिंती आणि मध्ये व्हॅक्यूम, पण कितीही चांगला थर्मास असला तरी उष्णता आत शिरतेच आणि प्रेशर हळूहळू चढत जातं. म्हणून अशा टँकला किती वेळात पोचायचं याची मर्यादा ठरलेली असते, वन वे ट्रॅव्हल टाइम म्हणतात, आणि वाटेत कमीत कमी दर पाच तासांनी टँकचं प्रेशर आणि बाहेरचं तापमान कागदावर लिहायचं हा नियम आहे. रात्री तीन वाजता वेस्ट टेक्सासमध्ये खाली उतरून टॉर्च लावून गेज वाचायचं, वारा असा की कागद हातात राहत नाही, आणि काटा मागच्या वेळेपेक्षा जरासा वर दिसला की मनात लगेच हिशोब सुरू, अजून किती मैल, अजून किती तास. ते काम मला मनापासून आवडायचं हे पण सांगतो. आपण काहीतरी नाजूक, जबाबदारीचं घेऊन चाललोय ही भावना ड्राय व्हॅन (साध्या मालाचा बंद ट्रेलर) ओढताना मला कधी आली नाही.

पण झोप. टीमचा अख्खा प्रश्न झोपेचा आहे, पैशाचा नाही. चालत्या गाडीत झोप लागते, नाही असं नाही, पण ती झोप वेगळी. पहिले तीन आठवडे माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. ब्रेक लागला की अंग आपोआप ताठ होतं. त्यात हॅझमॅटचा टँकर जवळजवळ प्रत्येक रेल्वे क्रॉसिंगवर थांबवावा लागतो, भरलेला असो की रिकामा, रुळापासून १५ ते ५० फुटांच्या मध्ये. हायवेवर क्रॉसिंग नसतात पण प्लँटच्या आसपास रूळच रूळ, म्हणजे जिथे तुम्ही उठून लोड करणार आहात तिथेच शेवटच्या अर्ध्या तासाची झोप मोडते. नियमाने सात तास बंकमध्ये आणि त्याला लागून तीन तास पुढच्या सीटवर बसून काढले तरी ते दहा तास विश्रांतीतच मोजले जातात. कागदावर विश्रांती पूर्ण. शरीर ते मानत नाही.

माझा पार्टनर पंजाबी होता, वयाने मोठा, मी त्याला पाजी म्हणायचो. माझं नशीब चांगलं. पाजी ब्रेक असा लावायचा की मागे ठेवलेल्या बाटलीतलं पाणी हलायचं नाही. हे मी उगाच कौतुक म्हणून लिहीत नाहीये, टीममध्ये तुमच्या पार्टनरचा उजवा पाय म्हणजे तुमची झोप, आणि तुमची झोप म्हणजे तुमच्या पुढच्या शिफ्टमध्ये त्याचा जीव. तो मधुमेहामुळे चार महिने सुट्टीवर गेला तेव्हा कंपनीने दुसरा माणूस दिला, चांगला ड्रायव्हर, पण फोनवर सतत बोलणारा, गाडीत मोठ्याने. त्या चार महिन्यांत मी दोनदा डिस्पॅचला (गाड्यांचं वेळापत्रक बघणाऱ्या ऑफिसला) सांगितलं की मी आज चालवण्याच्या स्थितीत नाही, गाडी लावतोय. दोन्ही वेळा लोड उशिरा पोचलं आणि दोन्ही वेळा मला नंतर आडून बोलणी ऐकावी लागली. पण मी पुन्हा तसंच करीन. मागे हायड्रोजन असताना डोळे मिटणाऱ्या माणसाने स्टिअरिंगवर बसायचं नाही, यात चर्चेला जागाच नाही. तुमच्या ऑफरमध्ये पार्टनर तुम्ही निवडणार की ते देणार, आणि जमलं नाही तर बदलून मिळतो का, हे लेखी घ्या. मला विचाराल तर माणूस ठरलेला नसेल तर टीम घेऊच नका.

अजून एक, टीम म्हणजे भरपूर दिवस भरपूर पैसे असं वाटतं, पण ७० तासांचा नियम आहेच, आठ दिवसांत ७० तास ड्यूटी झाली की पुढे गाडी चालवता येत नाही. रोज साडेदहा अकरा तास हाणले तर सातव्या दिवशी तास संपतात, मग ३४ तास सलग थांबून घड्याळ परत शून्यावर. ते ३४ तास घरी मिळतील अशी आशा ठेवू नका, माझे निम्म्याहून जास्त कुठल्यातरी ट्रक स्टॉपवर गेलेत. आमच्याकडे भरलेला टँकर सोडून दोघांनी एकदम जायचं नाही असाही नियम होता, म्हणजे जेवायलासुद्धा पाळीपाळीने. दोन माणसं चोवीस तास एकत्र आणि एका ताटावर बसून जेवण नाही.

आता लोकल. लोक लोकलला सोपं समजतात. रोज घरी यायला मिळतं, तासावर पैसे, झालं. तर ते तसं नाहीये. लोकलमध्ये चालवणं कमी आणि गॅस उतरवणं जास्त. मी नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन नेतो, दिवसाला तीन ते पाच ठिकाणं, फॅक्टऱ्या, वेल्डिंगचे कारखाने, फूड फ्रीझिंगवाले, हॉस्पिटलं. टीममध्ये एक लोड म्हणजे एकदा होज (नळी) लावायचा, इथे दिवसाला तीन ते पाच वेळा, आणि चूक व्हायची जागा होजपाशीच आहे.

हॉस्पिटलचा एक स्टॉप सांगतो. पहाटे पावणेचार, हॉस्पिटलच्या मागे कुंपणाच्या आत ऑक्सिजनचा उभा टँक. आधी चाकांना चॉक (अडसर), मग टँकवरचं लेबल आणि माझा कागद दोनदा जुळवायचे, मग ग्लोव्हज बघायचे, त्यावर तेलाचा डाग जरी असला तरी ते बाजूला, कारण लिक्विड ऑक्सिजन लागला की तेल-ग्रीस पेट घेऊ शकतं. जमीन बघायची, काँक्रीट हवं, डांबर नको, डांबरात लिक्विड ऑक्सिजन मुरला तर नुसत्या आपटण्याने स्फोट होऊ शकतो. मग होज लावून पर्ज करायचा, म्हणजे आतली हवा बाहेर काढायची, पंप थंड होऊ द्यायचा, याला घाई केली तर पंप पकडतच नाही. वरून भरलं की गिऱ्हाइकाच्या टँकचं प्रेशर पडतं, खालून भरलं की चढतं, म्हणून एक हात वरच्या व्हॉल्व्हवर एक खालच्या, डोळे गेजवर, कारण आतमध्ये पेशंट त्याच लाइनवर आहेत आणि त्यांना प्रेशरमधला फरक कळता कामा नये. होजवर पांढरा बर्फ चढत जातो, पायाशी धुकं. शेवटी ट्रायकॉकमधून (टँक भरला का ते दाखवणारी छोटी तोटी) नुसता गॅस फुसफुसत असतो तो एकदम थुंकल्यासारखं लिक्विड टाकायला लागतो, की टँक भरला, बंद. बहुतेक वेळा आतून कोणी बाहेर येत पण नाही. मला हे काम आवडतं, टीमपेक्षा जास्त आवडतं.

नायट्रोजनला लोक घाबरत नाहीत आणि तिथेच फसतात. वास नाही रंग नाही, एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर गॅस होतो, बंद खोलीत हवेतला ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की धोका सुरू, आणि माणसाला गुदमरल्यासारखं वाटतसुद्धा नाही, सरळ खाली पडतो. ज्या कंपनीत ट्रेनिंगच्या वेळी कॉलरला लावायचा ऑक्सिजन मॉनिटर देत नाहीत तिथे काम करू नका.

लोकलमधली माझी तक्रार वेळेची आहे. गिऱ्हाइकांच्या टँकची लेव्हल डिस्पॅचला स्क्रीनवर दिसते, कोणाचा टँक अंदाजापेक्षा लवकर उतरला की अख्खं शेड्यूल हलतं. माझा पहिल्या सहा महिन्यांत सुरू होण्याचा टाइम कधी रात्री एक, कधी पहाटे चार, कधी सकाळी सात. रोज घरी होतो पण घरचे जागे असताना मी झोपलेला. मुलीला वाटायचं बाबा आजारी आहेत. टीममध्ये निदान माझे बारा तास ठरलेले होते. मग सीनियॉरिटीने मला ठरलेली पहाटे अडीचची रन मिळाली आणि आयुष्य सुधारलं, अडीच वाईट वाटतं ऐकायला पण रोज अडीच हे अंगवळणी पडतं, आज एक उद्या सात हे पडत नाही. लोकलचे अजून फायदे म्हणजे सरळ रेषेत १५० एअर माइलच्या आत राहून १४ तासांत त्याच टर्मिनलला परत आलात तर ईएलडीची (ड्रायव्हरचे तास नोंदवणारं ट्रकमधलं यंत्र) कटकट नाही, कंपनीचं टाइम रेकॉर्ड पुरतं. ओव्हरटाइम मात्र गृहीत धरू नका, ट्रक ड्रायव्हरना तो कायद्याने मिळेलच असं नाही, ऑफर लेटरमध्ये किती तासांनंतर किती पट हे लिहिलेलं बघा.

आणि ऑफरमध्ये ‘लोकल गॅस डिलिव्हरी’ एवढंच लिहिलं असेल तर बल्क (माझ्यासारखं टँकरने द्रव नेणं) की सिलिंडर हे आधी विचारा. सिलिंडरचं काम पूर्ण वेगळं आहे, दिवसभर शंभर पाउंडाच्या वरच्या बाटल्या तिरक्या करून गोल गोल फिरवत न्यायच्या, लिफ्टगेटवर (ट्रकच्या मागची वरखाली होणारी फळी) चढवायच्या. माझा एक मित्र करतो, तब्येत दणकट, तरी चाळिशीत खांद्याचं ऑपरेशन झालं.

स्टार द्यायचे तर टीमला पाचपैकी तीन, पाजीसारखा माणूस असेल तर चार. लोकल बल्कला चार, वेळ ठरलेली नसेल तर अडीच. ज्याचं घर अजून इथे बसलेलं नाही, एकटा आहे, दोनेक वर्षांत पैसे उभे करायचेत आणि पार्टनर ओळखीचा आहे त्याने टीम घ्यावी, मी त्याला अडवणार नाही. ज्याच्या घरी लहान पोरं आहेत त्याने लोकल घ्यावी, पण सही करायच्या आधी टर्मिनलच्या मॅनेजरला विचारावं की सगळ्यात नवीन ड्रायव्हर गेल्या आठवड्यात रोज किती वाजता सुरू झाला, सातही दिवसांचे आकडे सांगा. आणि जमलं तर एक दिवस त्याच्याबरोबर राइड-अलाँग मागा. मला मागितल्यावर मिळाली होती, रात्री एक वाजता बोलावलं होतं, आणि त्या एका रात्रीत मला फोनवरच्या सगळ्या गप्पांपेक्षा जास्त कळलं.