पंखा उलटा फिरवायचे 18,500 रुपये

गाडीच्या छतातला पंखा उलटा फिरवून घेण्यासाठी मी 18,500 रुपये दिले. त्या कामाला प्रत्यक्षात लागलं होतं एक स्विच आणि हातभर वायर. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. बायकोला खरा आकडा सांगायला आठ दिवस गेले. जत्रेजत्रेत माल घेऊन फिरणारे सोलापुरात पुष्कळ आहेत, राहायच्या गाड्याही वाढायला लागल्यात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मी टॉवेल-चादरीवाला. बोलेरोमागे ओढायची एक जुनी कॅराव्हॅन घेतली आहे. मागच्या अर्ध्यात माल, पुढे दोन माणसांची झोपायची जागा. पंढरपूरची कार्तिकी, तुळजापूरचं नवरात्र, जानेवारीत आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा, असा आमचा फेरा. छतात चौदा इंच बाय चौदा इंचाचं भोक आणि त्यात बारा व्होल्टचा परदेशी पंखा. तो आतली हवा बाहेर फेकतो.

खोट तिथंच होती. पंखा जेवढी हवा बाहेर फेकणार तेवढी कुठूनतरी आत येणारच. ती यायची दाराच्या फटीतून, पत्र्याच्या जोडातून, आणि मैदानातली सगळी धूळ बरोबर आणायची. पांढरा टॉवेल दोन दिवसांत मातकट. घडी मोडून धुतलेला टॉवेल गिऱ्हाईक हातातसुद्धा घेत नाही. पंखा उलटा फिरवला, वरून हवा आत ढकलली आणि जाळीला मलमल बांधली, तर आत थोडा दाब राहतो. मग फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत शिरत नाही. माझी कल्पना चुकीची नव्हती. कोणी म्हणेल, नसता उद्योग कशाला केला. त्यांनी एकदा जत्रेत धुळीनं गेलेला गठ्ठा बघावा.

कार्तिकीला नऊ दिवस होते. एकाने गाड्यांचं काम करणाऱ्या एका कारागिराचं नाव सुचवलं, शहराबाहेर त्याचं शेड होतं, दोन-तीन टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या होत्या, म्हटलं माणूस कामाचा असेल. त्याने पंखा खाली उतरवला, मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करून बॅटरीला टेकवल्या. पंखा उलटा फिरला. माझ्या डोळ्यांसमोर, दोन-तीन सेकंद, चांगला गरगर फिरला. लगेच वायर काढून तो म्हणाला, "बघितलं का मालक, फिरतोय, पण टिकणार न्हाई. ही एकाच दिशेची मोटर हाय. दहा मिनिटांत जळून जाईल. रिव्हर्सवाली मोटर टाकावी लागल, वर तिचा बोर्ड वेगळा."

तो क्षण मला अजून डोक्यातून काढता येत नाही. जे काम करून घ्यायला आलो होतो ते झालेलं मी बघत होतो. नुसती वायर बदलून झालेलं. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, "बाबा, दहा मिनिटं लावून ठेव, मी चहा पिऊन येतो, जळली तर माझी जळली." म्हटलं नाही. मी विचारलं, "मोटर कधीपर्यंत येईल?"

सूत हातात घेतलं की किती काउंटचं, म्हणजे किती बारीक, ते मी सांगतो. खरी सोलापुरी चादर आणि बाहेरून आणून सोलापुरी म्हणून विकलेली, डोळे झाकून हात फिरवून ओळखतो. मोटर हा माझा धंदा नाही. आजारी माणूस डॉक्टरला औषधाचा हिशोब विचारत नाही, तसा मी विचारला नाही. आणि कार्तिकी नऊ दिवसांवर होती हे त्यालाही माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. घाई आहे हे कारागिराला कधीही सांगू नका.

हिशोब असा: मोटर 11,800, कंट्रोल बोर्ड 3,400, छताला पुन्हा सिलिकॉन मारणं 1,600, मजुरी 1,700. पाच हजार आगाऊ यूपीआयने, काम झाल्यावर 8,500 यूपीआयने आणि पाच हजार रोख. रोख कशाला, तर "मोटरवाल्याला द्यायचेत." पक्कं बिल मागितलं तर "उद्या पाठवतो." तो उद्या आलाच नाही. कच्च्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे तेवढे माझ्याकडे आहेत, आणि तो कागद ठेवायची बुद्धीसुद्धा मला नव्हे, बायकोला झाली. जुनी मोटर मागितली तर कापडी पिशवीत बांधून दिली. मी पिशवी उघडली नाही.

पंढरपुरात पहिल्याच रात्री पंखा फिरला, पण वारा जेमतेम. आधी तीन वेग होते, आता एकच. मध्यरात्री जळका वास आला. उठून बघतो तर नव्या स्विचला हात लावता येईना. बंद केला आणि दार उघडं टाकून झोपलो. त्या कार्तिकीत जवळपास 40 टॉवेल धुळीनं खराब झाले, त्याचे पैसे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

परत आल्यावर ओळखीच्या आर्मेचरवाल्याकडे, म्हणजे मोटरी दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलो. त्याने मोटरवरचं चकचकीत स्टिकर नखाने सोलून काढलं. खाली जांभळा बाण. गठ्ठ्यांवर नंबर टाकायच्या मार्करने तो मीच काढला होता, मागच्या साली साफसफाई करताना लाल वायर कुठली हे विसरू नये म्हणून. माझीच मोटर. 11,800 रुपयांची नवी मोटर म्हणजे माझ्याच मोटरवर लावलेलं स्टिकर. मग पिशवी उघडली. आतल्या मोटरचा दांडा इतका जाड की माझ्या पात्याच्या भोकात तो शिरतच नव्हता.

बोर्ड नवा तर नव्हताच, जुनाही बाजूला काढून वायर सरळ जोडली होती, म्हणून वेग गेले. फ्यूज नाही. बारीक वायर, हलका स्विच, म्हणून तो तापत होता. वारा कमी का, तर पात्यांना बाक एकाच दिशेचा असतो, उलट फिरवली की ती हवा कमी ढकलणारच. ते कोणाच्या हातात नाही, पण सांगायला तोंड होतं ना.

आर्मेचरवाल्याने सहा टर्मिनलचा स्विच बसवला, मधल्या जागी बंद होणारा. मधल्या दोन टर्मिनलला सप्लाय, एका बाजूच्या दोनातून मोटर, तिथून समोरच्या बाजूला फुलीसारख्या तिरक्या दोन वायरी. वेगाचा बोर्ड पुन्हा जोडला आणि स्विच त्याच्या पुढे, बोर्ड आणि मोटर यांच्या मधे घेतला. बोर्डाच्या आधी उलटसुलट केलं तर बोर्डच जळतो. बॅटरीजवळ फ्यूज. सगळे मिळून 340 रुपये घेतले, आणि बिल दिलं. त्याचं सांगणं असं की कार्बन ब्रशची (आत घासत वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे असलेली) दोन वायरीची मोटर असेल तरच हे करायचं, ब्रश नसलेल्या मोटरला उलटा सप्लाय दिला तर आतलं सर्किट जातं. आणि पातं पूर्ण थांबल्याशिवाय दिशा बदलायची नाही. पात्याचा स्क्रू मधूनमधून आवळायचा.

शेडवर गेलो तर तो म्हणाला, "मालक, स्टिकर कंपनीचंच हाय." आवाज चढवला तर चार पोरं जवळ आली. निघून आलो.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ. तिसऱ्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, पैसे तुम्ही आपल्या हाताने दिलेत, पंखा फिरतोय, मग फसवणूक कुठली? ही दिवाणी बाब आहे." मी मोटर टेबलावर ठेवली, बाण दाखवला. "हे ग्रीस आधी खाली ठेवा." अहो, जुनी वस्तू नवी म्हणून विकली, तिच्यावर खोटं स्टिकर लावलं, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? अर्ज घ्या म्हटलं तर घेईनात. पोच द्या म्हटलं तर "पोच कशाला, आम्ही बघतो ना." चार खेपा, रिक्षाचे 480 रुपये, दुकान बंद ठेवलं ते वेगळं. पोच मिळाली ती शेजारच्या वकिलांचा मुलगा बरोबर आला तेव्हा, पाच मिनिटांत. मग माझ्या तोंडाकडे बघून चार दिवस कशाला दवडले? साठीच्या माणसाने तिथं बाकड्यावर बसून राहायचं, आणि फसवणारा शेडमध्ये पुढच्या गाडीवर चढलेला.

बँकेत सांगितलं, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय, काही होणार नाही. एका सल्ला केंद्रात एकजण म्हणाला, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला कोणी खिडकीवर सांगितलं नाही, पोचेला बरोबर आलेल्या त्या पोरानेच शोधून दिलं.

गाडी सोडायच्या आधी मोटरचा, बोर्डाचा, वायरींचा फोटो काढा आणि एखादी खूण करा, दिसणार नाही अशी. जुना पार्ट तिथेच, त्याच्यासमोर उघडून बघा. रोख देऊ नका. बिल मिळाल्याशिवाय शेवटचे पैसे सोडू नका, कितीही जत्रा तोंडावर असो.

तक्रार आता लिहून झाली आहे. पेन्सिलीचा कागद, यूपीआयच्या दोन नोंदी, 340 चं बिल, पोच आणि जांभळ्या बाणाचा फोटो जोडला आहे. स्टिकर प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळं ठेवलंय. सोमवारी दाखल करायला जातोय, 18,500 अधिक टॉवेलांचे पैसे मागणार आहे. त्या शेडमध्ये छताचा पंखा बदलून घेतलेले आणखी कोणी असतील तर आपल्या मोटरवरचं स्टिकर आजच काढून बघा.