प्रेअरीवरच्या ओस घराचा पहिला मालक कोण? ‘जीएलओ रेकॉर्ड्स’ची झाडाझडती

नेब्रास्का, कॅन्सस, डकोटातल्या एखाद्या पडक्या घराची नोंद करायची, तर सुरुवात इथून करावी. अमेरिकेच्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं ‘जीएलओ (जनरल लँड ऑफिस) रेकॉर्ड्स’ हे संकेतस्थळ मोफत आहे. सरकारने जमीन दिल्याची मूळ सनद, म्हणजे पेटंट, पीडीएफमध्ये उतरवून घेता येतं.

नावावरून शोधायच्या फंदात पडू नका. नॉर्वेजियन, चेक आडनावं कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिली आहेत. नावाचा रकाना रिकामा सोडून टाउनशिप, रेंज, सेक्शन भरा. टाउनशिप हा मोजणीचा चौकोन, 6 मैल लांब, 6 मैल रुंद. रेंज म्हणजे टाउनशिपांचा उभा पट्टा, मेरिडियन या मूळ उभ्या रेषेपासून मोजलेला. टाउनशिपचे 36 सेक्शन, प्रत्येकी सुमारे 640 एकरांचे. वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या 1862 च्या होमस्टेड कायद्याने सेक्शनचा पाव, म्हणजे 160 एकर मिळत. गफलत होते ती दिशेत. नेब्रास्कात रेंज सहाव्या मेरिडियनच्या पूर्वेलाही आहेत आणि पश्चिमेलाही. एक अक्षर चुकलं की भलत्याच काउंटीतली जमीन समोर येते.

सनदेवरची तारीख वस्तीची समजू नका. आधी पाच वर्षं (1912 नंतर तीन) राहून जमीन कसायची, मग साक्षीपुरावे, मग कधीतरी सनद. राष्ट्राध्यक्षांची सहीदेखील त्यांच्या वतीने सचिवाने केलेली असते, फ्रेम करणाऱ्यांनी रागावू नये. ‘कॅश एंट्री’, म्हणजे रोख खरेदीची नोंद, दिसली तरी तो होमस्टेडवालाच असू शकतो. मुदतीआधी एकरी सव्वा डॉलर भरून जमीन नावावर करून घेण्याची सोय होती.

मोठी उणीव अशी, की मुदत पुरी न करता निघून गेलेल्यांना सनद मिळालीच नाही, म्हणून ते इथे सापडत नाहीत. ओस घरांच्या शोधात नेमके तेच हवे असतात! त्यांच्यासाठी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरची ट्रॅक्ट बुकं, म्हणजे जमिनीच्या दाव्यांच्या नोंदवह्या, चाळा. ती जमिनीच्या वर्णनानुसार लावलेली आहेत आणि त्यांत रद्द झालेले दावेही आहेत. सातबाऱ्यासारखे पुढचे फेरफारही जीएलओच्या संकेतस्थळावर नाहीत. खरेदीखतांसाठी काउंटीचं दफ्तर गाठावं लागतं.

खरा ऐवज वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या केस फाइलीत आहे: घराची लांबी-रुंदी, विहीर, नांगरलेले एकर, साक्षीदारांचे जबाब. 1908 च्या आधीची फाइल मागवताना राज्य, लँड ऑफिस (जमिनीचं स्थानिक सरकारी कार्यालय), जमिनीचं वर्णन आणि सनदेच्या नोंदीतला डॉक्युमेंट नंबर द्या. ॲक्सेशन नंबर, म्हणजे संकेतस्थळावरचा सनदेचा क्रमांक, हा वेगळा असतो.